पाटलाची मडम सून

मडमबाईंनी आमच्या पाटलाला भर चावडीत, पंधरा माणसांच्या देखत 'मामंजी' अशी हाक मारली, त्यात चूक माझी होती. पन्नास वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. आता पाटील नाही, मडमबाई नाहीत, चावडीच्याही भिंती पडल्या. तेव्हा कबूल करायला हरकत नाही.

त्या वेळी मी मेडशीच्या शाळेत मास्तर होतो. वय बावीस. अकोल्याहून मास्तरकीची परीक्षा देऊन ताजा ताजा आलेलो. डोक्यावर काळी टोपी आणि डोक्यात शुद्ध मराठी. गावात 'डोळा' म्हणणारा मी एकटा. बाकीचा सगळा गाव 'डोया' म्हणे. हा गाव सुधारायला देवानं मलाच नेमून पाठवलंय, असं मला मनापासून वाटे. त्याच सुमाराला मालेगावच्या रस्त्यावर, नाल्याच्या अलीकडे, मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना निघाला आणि त्यात मडमबाई राहायला आल्या. कुठल्या होत्या म्हणाल, तर विचारलं की 'समुद्राच्या पलीकडचं एक खेडं' एवढंच सांगत. त्यांना मराठी शिकवायला माणूस हवा होता. मी तत्काळ हो म्हटलं. गावात आणखी एक तरी माणूस 'ळ' म्हणेल, एवढीच माझी आशा होती.

'ळ' शिकायला त्यांना दोन महिने लागले आणि विसरायला एक बाजार. दोन महिने आम्ही 'काळा बैल', 'पिवळी केळी', 'कमळ', 'बाभूळ' घोटलं. बाईंची जीभ टाळूला लागून लागून दुखायची, पण 'ळ' असा खणखणीत निघू लागला की मी स्वतःवर खूश झालो. मग त्या एकट्या मालेगावच्या बाजाराला जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मास्तर, मले तुमची लय कायजी वाटून राह्यली. तुमी वेयेवर जेवत नाही."

"बाई, काळजी! का-ळ-जी!"

"बाजारात काळजी कोणालेच नाही, मास्तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "कायजी मात्र साऱ्याइले हाय."

वर त्या 'मी येतो', 'मी जातो' असं बोलू लागल्या. मी बजावलं की बाईमाणसानं 'येते' म्हणावं, 'येतो' हे पुरुषाचं. त्या म्हणाल्या, "पाटलीणबाई 'येतो' म्हणते. तेलीणबुढी 'येतो' म्हणते. तुमची माय काय म्हणते?" माझी आई वाशीमची. ती जन्मभर 'येतो'च म्हणत आली. मी घाईघाईनं पुढचा धडा काढला.

पुढचा धडा नात्यांचा होता आणि घोळ तिथंच झाला.

त्यांच्या भाषेत काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा या सगळ्यांना मिळून एकच शब्द. आमच्याकडे प्रत्येकाला वेगळा, हे कळल्यावर बाई लहान पोरासारख्या हरखल्या. त्यासाठी त्यांनी एक हिरव्या पुठ्ठ्याची वही केली. एक दिवस मी शाळेतल्या पोरांची शुद्धलेखनं तपासत बसलो होतो, तर त्यांनी विचारलं, "मास्तर, एखादी बाई आपलं गाव सोडून दुसऱ्या ठिकाणी कायमची राहायला आली, तर तिथल्या मोठ्या माणसाला ती काय म्हणते?"

मी वर न बघता म्हणालो, "मामंजी."

"त्यांच्या बायकोला?"

"आत्याबाई."

"आणि तिच्यासारखीच दुसरी एखादी बाई आधीपासून येऊन राहिली असेल तर?"

"ती जाऊ. जाऊबाई म्हणायचं."

बाईंनी तिन्ही शब्द नीट लिहून घेतले. मला वाटलं, त्या सुनेबद्दल विचारतायत. त्या स्वतःबद्दल विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी चावडीवर बसलो असताना त्या तिथं हजर. आमचा पाटील म्हणजे सहा फूट उंच माणूस. तो नुसता खाकरला तरी बसलेली माणसं उठून उभी राहत. बाईंनी छत्री मिटली, डोक्यावर पदर नव्हता म्हणून हातरुमाल घेतला आणि मान खाली घालून म्हणाल्या, "मामंजी, दवाखान्याच्या विहिरीले दोर पाह्यजे."

कोतवालाच्या तोंडातली चिलीम तोंडातच राहिली. पाटलानं माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

"मामंजी? कोणाचे मामंजी?" पाटलाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"तुमी माह्ये मामंजी. मी सून."

पाटलाला तीन मुलगे. तिघेही त्या क्षणी चावडीतून नाहीसे झाले. संध्याकाळच्या आत ही बातमी पाटलीणबाईंना तीन तऱ्हांनी कळली होती. त्या दोन सुनांना मागे घेऊन तडक दवाखान्यात आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सून म्हणवून घेतं काय? मंग पड पाया!"

मडमबाई पडल्या. अशातशा नाही, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून. पाटलीणबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. "उठ वं बाई, उठ! फराक मयला ना सारा," असं म्हणत त्यांनीच त्यांचे गुडघे झटकले आणि मागे वळून सुनांना म्हणाल्या, "पाह्यलं काय? अशा पडतात पाया!" त्या दोघी मडमबाईंशी पुढे वर्षभर बोलल्या नाहीत. दोर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

मी बाईंना समजावून सांगायला गेलो, की सून व्हायला आधी लग्न व्हावं लागतं. त्यांनी विचार केला. "सून व्हायले काय काय सोडावं लागते, मास्तर?"

"माहेर," मी म्हणालो.

"ते तं मी सोडलं," त्या म्हणाल्या आणि वही उघडून पुढच्या धड्याला लागल्या.

तेव्हापासून त्या पाटलाची मडम सून झाल्या आणि त्यांच्या वहीला ऊत आला. मी बरोबर असलो की माझ्या सवयीप्रमाणे ओळख करून देई: बाई, हा तेली, हा मनियार, हा अमक्या जातीचा, हा तमक्याचा सालदार. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "ते झालं, मास्तर. पण लागतो कोण?" नातं ठरल्याशिवाय औषध नाही. माणूस दाढदुखीनं विव्हळतोय, गाल भोपळ्यासारखा सुजलाय, आणि ह्या वही घेऊन विचारतायत की पाटील तुझा कोण लागतो, म्हणजे मग तू माझा कोण झालास? माणसंही अशी बिलंदर, की सगळ्यांना दीरच व्हायचं असे. भावजयीची थट्टा करायला मिळते ना!

मालेगावच्या बाजारात एक म्हातारा मनियार बांगड्या विके. त्याला त्यांनी मामा ठरवलं. तो दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "मामू बोल्या ना? अब हात इधर लाव." आणि भाचीचा हक्क म्हणून त्यानं त्यांच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या चढवल्या. पांढरा पायघोळ फराक, काळी छत्री आणि हिरवा चुडा अशा थाटात त्या बाजारातून चालत आल्या. गावात दोन दिवस चर्चा, की मडमचं लगन लागलं अन् आपल्याले बुंदी नाही भेटली!

गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या एका म्हातारीला त्या आजी म्हणायच्या. तिच्या मडक्यातलं पाणी प्यायच्या आणि निघताना पाया पडायच्या. पाटलीणबाईंना हे कळलं तेव्हा मोठं वादळ झालं. "माह्या पाया पडली अन् तिच्या बी पडली? मंग माहा मान कोणता राह्यला?" मडमबाई म्हणाल्या, "आत्याबाई, आजी तुमच्याहून मोठी. तिच्या पाया तुमी बी पडाले पाह्यजे." पाटलीणबाई काही पडल्या नाहीत. पण पुढच्या पोळ्याला त्या म्हातारीकडे घरची पुरणपोळी गेली, आणि कोणाच्या हातून गेली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी त्या दवाखान्याच्या ओट्यावर एकट्याच प्रार्थना करत. मी एकदा लवकर गेलो तेव्हा ऐकली. वही मांडीवर, डोळे मिटलेले, आणि देवाला सांगणं चाललेलं: हा माझा मामा, ह्याचा गुडघा धरतो. ही माझी नणंद, हिला पाचव्यांदा दिवस गेलेत. हा माझा दीर, हा खोटं बोलतो पण मनाचा चांगला आहे. देवालाही आधी नातं सांगायचं आणि मग मागणं मागायचं, अशी त्यांची रीत होती. त्यात मास्तरांचंही नाव आलं. काय मागितलं ते मी सांगणार नाही.

एकदा मिशनचा मोठा साहेब मोटारीतून तपासणीला आला. अर्धंअधिक बोलणं इंग्रजीत झालं, पण मतलब मला कळला. साहेब विचारत होता, तीन वर्षांत प्रभूच्या कळपात किती माणसं आणली? बाईंनी त्याच्यापुढे वही ठेवली. साहेबानं पानं उलटली. सासरे, सासू, जावा, नणंदा, चुलतदीर, मावससासवा. साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं.

"तुम्हाला शेजाऱ्यावर माया करायला पाठवलं होतं. सोयरीक जुळवायला नाही," तो म्हणाला.

"मी शेजारी लई शोधला, साहेब," बाई म्हणाल्या. रंगात आल्या की त्या साहेबाशीही वऱ्हाडीत बोलत. "मेडशीत शेजारी कोणीच नाही. सारे कोणाचे ना कोणाचे कोणीतरी लागतात. मंग मी काय करू?"

साहेबानं चष्मा काढून पुसला. नंतर बाईंनी त्याला पाटलाकडे नेलं आणि 'हे माझ्या माहेरचे' अशी ओळख करून दिली. झालं! सुनेच्या माहेरचा माणूस म्हणून पाटलानं त्याला असा आग्रह करकरून वाढलं, की जाताना साहेबाला मोटारीत बसवायला दोन माणसं लागली. त्यानंतर तो कधी तपासणीला आला नाही.

लढाई लागल्यावर मिशननं बाईंना परत बोलावलं. पाटलीणबाईंनी खणानारळानं त्यांची ओटी भरली आणि बैलांच्या दमणीत बसवताना हुंदके देत देत दम दिला, "माहेरी जाऊन राह्यली, ध्यानात ठेव. लवकर ये." त्या आल्या नाहीत. पत्रं यायची, पाटलाच्या नावानं, मोठ्या अक्षरात. सगळी मला वाचून दाखवावी लागत आणि त्यांत 'ळ' एकही नसे.

पण मला सांगायचंय ते एका लग्नाचं.

दवाखान्याच्या मागे नाला. पावसाळा सोडला तर कोरडा. नाल्याच्या पलीकडे पाच झोपड्या होत्या आणि त्यांत महारोग झालेली माणसं राहत. त्यांना गावात यायची बंदी होती. मडमबाई रोज सकाळी नाला ओलांडून जात, त्यांच्या जखमा धूत, पट्ट्या बांधत. मी तीन वर्षांत एकदाही पलीकडे गेलो नाही. सोवळंओवळं वगैरे काही नाही, सरळ भीती वाटायची. वारं तिकडून आलं तरी मी नाकाला धोतराचा सोगा लावी. आता लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

त्या पाचांतल्या एका झोपडीत गिरजा राहायची. गावातल्याच एका कुणब्याची बायको. सात वर्षांपूर्वी अंगावर चट्टे उठले, हातापायांची बोटं झडू लागली, तेव्हा तिला गावाबाहेर काढलं. नवरा गरीब स्वभावाचा, पण त्यानं दुसरी बायको केली नाही. रोज सकाळी नाल्यातल्या काळ्या दगडावर भाकरी ठेवायचा आणि वीस पावलं मागे सरायचा. मग गिरजा येऊन भाकरी उचलायची. तेवढ्या अंतरावरून दोघांचा संसार चाले. "मीठ काहून नाही टाकलं आज?" ती ओरडे. "संपलं होतं," तो ओरडे. त्यांची एकुलती एक लेक सुभद्रा. आधी ती बापाबरोबर नाल्यापर्यंत यायची. सोयरिकीचं वय झालं तशी बापानं तिला आणणं बंद केलं. लोक काय म्हणतील, ही धास्ती.

गिरजा मडमबाईंची जाऊ होती. वहीत तसं लिहिलंच होतं.

सुभद्रेची सोयरीक इंझोरीला ठरली. घर चांगलं, पोरगा चांगला. नवऱ्या मुलाची आई मात्र मानपानाच्या बाबतीत सगळ्या टापूत नावाजलेली. पोरीच्या आईचा आजार तिला सांगितला होता, लपवलं नव्हतं. ती म्हणाली, पोरगी मले पसंत हाय, पण तिची आई मांडवात दिसली तं वऱ्हाड जेवण टाकून उठल. एवढी एकच अट.

गिरजा मडमबाईंना म्हणाली, "मले मांडव नको, जाऊबाई. लेकीले पिवयं लुगडं नेसलेली एक डाव पाहावं. लांबून. बस." हे मला बाईंनी सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच त्यांना मराठी शब्द सापडेना.

त्या रुमाल डोक्यावर घेऊन चावडीवर गेल्या. मला ओढत नेलं.

"मामंजी, माह्या जावेच्या लेकीचं लगन हाय."

"कोणत्या जावेच्या?"

"गिरजाच्या."

पाटील म्हणाला, "ते तुही जाऊ कव्हापासून झाली?"

"तुमी सासरे झाले तव्हापासून."

"मंग ते माही कोण झाली?"

बाईंनी वही माझ्यापुढे केली. "मास्तर, सांगा."

मी म्हणालो, "सून."

"हे सारं तुमी शिकवलं!" पाटील माझ्यावर गरजला.

"मी फक्त शब्द शिकवले हो, पाटील!"

पाटील उठला, बसला, पुन्हा उठला. "अट मोडली तं सोयरीक मोडते," तो बाईंना म्हणाला. "पोरगी जलमभर घरी बसल. मंग तुही जाऊच तुले शिव्या देईल." ते खरंच होतं. बाईंचे डोळे भरून आले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी पाटील मिशी ओढत म्हणाला, "मांडवात यायचं नाही, हेच म्हणते ना ते बाई? वऱ्हाड उतरते कुठं?"

"शाळेत," मी म्हणालो. वऱ्हाडाचा जानवसा दर लग्नाला शाळेतच असे.

"अन् आमराईत उतरलं तं?"

आमराई दवाखान्याला लागून होती. तिथून पन्नास पावलांवर नाला आणि नाल्यापलीकडे गिरजाची झोपडी. लग्न लागल्यावर नवरी जानवशावर येणार आणि दमणीत बसून तिथूनच सासरी निघणार. गिरजाला आपल्या दारातून लेक दिसली असती. अटही मोडली नसती.

आता वऱ्हाडाला शाळा का द्यायची नाही, याला काही तरी कारण हवं. मडमबाईंना खोटं चालत नसे, पाटलाला ते शोभत नसे. राहिलो मी. शाळेत गांधीलमाश्यांनी पोळी केली आहेत, असं मी जाहीर केलं. ते खरं वाटावं म्हणून दोन दिवस शाळा बंद ठेवावी लागली. माझ्या सगळ्या मास्तरकीत पोरांनी मला एवढे आशीर्वाद कधी दिले नाहीत.

लग्नाच्या दिवशी दुपार कलता वऱ्हाड आलं. सात दमण्या, सनई, डफडं. पहिल्या दमणीतून विहीणबाई उतरल्या. भारदस्त बाई, नाकात नथ, अंगावर कोरं जांभळं लुगडं. त्यांना खाटेवर बसवलं. सुभद्रेची आत्या पाय धुवायला परात आणि तांब्या घेऊन पुढे आली. विहीणबाईंनी पाय पुढे केला आणि तेवढ्यात त्यांची नजर नाल्यापलीकडे गेली.

"त्या झोपड्या कोणाच्या हायत?"

सुभद्रेच्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं. मी गांधीलमाश्यांसारखंच दुसरं काही तरी सुचतंय का ते बघत होतो, पण मडमबाई पुढे झाल्या. "त्यातली एक माह्या जावेची. नवरीच्या आईची. तुमी म्हणलं होतं, मांडवात येऊ नये. ते मांडवात येऊन नाही राह्यली. इथं मांडव नाही."

विहीणबाईंनी पाय मागे घेतला. "मले फसवलं तुमी."

त्या खाटेवरून उठल्या. सनई थांबली. गेली सोयरीक, असं मला वाटलं. सुभद्रेचा बाप मटकन खालीच बसला. आणि मग पाटील पुढे आला. आयुष्यात कोणापुढे न वाकलेला तो माणूस, पण हात जोडून उभा राहिला.

"फसवलं असल तं म्या फसवलं, विहीणबाई. ते माही सून हाय."

"कोण सून?"

"हे मडम माही सून. साऱ्या गावाले विचारा. अन् गिरजा हिची जाऊ. मंग माही कोण झाली? तुमीच सांगा."

विहीणबाई नात्यागोत्यात पक्क्या. त्यांनी मडमकडे पाहिलं, हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं, पाटलाकडे पाहिलं. डोक्यात हिशोब चाललेला दिसत होता.

"सूनच झाली," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "अन् पाटलाची सून गावात असताना माह्ये पाय आत्या धुते? हा काय मान झाला? बलवा तिले! आत्याबित्या मले नाही चालत!"

आम्हाला समजायलाच थोडा वेळ लागला. मडमबाईंना सगळ्यांच्या आधी समजलं. "जाऊबाई, या वं!" त्यांनी अशी हाक दिली, की आंब्यावरचे राघू उडाले.

गिरजा आली. धुतलेलं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, दोन्ही हात पदराखाली. नाला ओलांडून दहा पावलांवर थांबली.

"अवं, तिथून पाणी पोचल काय?" विहीणबाई म्हणाल्या आणि खाटेवर बसून पाय पुढे केला.

गिरजानं दोन्ही तळव्यांत तांब्या धरला. बोटं नव्हतीच. तांब्या उचलला, वाकवला आणि तो सटकला. सगळं पाणी विहिणीच्या जांभळ्या लुगड्यावर. मी डोळे मिटून घेतले.

"घ्या! कोरं लुगडं!" विहीणबाई कडाडल्या. "विहीणबाई, तुमच्या गावात पाय धुतात का आंघोय घालतात?"

सात वर्षांत लोक गिरजाला पाहून एक तर कीव करायचे, नाही तर पळायचे. विहीण विहिणीवर खेकसते तसं कोणी खेकसलं नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "आंघोय बी होऊ द्या. इंझोरीहून केवढी धूय घेऊन आल्या तुमी!"

विहीणबाई पोट धरून हसल्या. नथ हलेपर्यंत हसल्या. त्या हसल्यावर वऱ्हाड हसलं, आणि सुभद्रेचा बाप हसता हसता रडायला लागला.

"ऐका," विहीणबाई डोळे पुसून म्हणाल्या. "हे मांडवात येणार नाही, असं मी बोललो होतो. माहा शब्द मी मोडत नसतो. नवरीले इकडं आणा. लगन इथंच लागल."

भटजी कुरकुरले, की मांडवाशिवाय लग्न कसं लावावं. विहीणबाईंनी वर बोट दाखवलं. "आंब्याची पानं कमी पडून राह्यली काय?"

सुभद्रेला आणलं. पिवळं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या. गोरज मुहूर्तावर आमराईत लग्न लागलं. अक्षता गिरजाच्या हातात ठरेनात, म्हणून मडमबाईंनी त्या तिच्या पदरात ओतल्या आणि तिनं पदरच झटकला. भटजींच्या शेंडीपासून माझ्या टोपीपर्यंत सगळीकडे तांदूळ झाले. मडमबाई बँडमास्तरसारखे हात हलवत सगळ्यांच्या वरताण मंगलाष्टक म्हणत होत्या, आणि त्यातला एक शब्दही बरोबर नव्हता.

मग नवरानवरी मोठ्यांच्या पाया पडायला निघाली. आधी विहीणबाई, मग पाटील, मग सुभद्रेचा बाप. शेवटी सुभद्रा आईकडे वळली. गिरजा एक पाऊल मागे सरली. सात वर्षांची सवय ती. कोणी जवळ आलं की मागे सरायचं. सुभद्रा एक पाऊल पुढे, गिरजा एक पाऊल मागे. मला समोरचं नीट दिसतही नव्हतं, इतकं रडू येत होतं. मागे सरता सरता गिरजाची पाठ आंब्याच्या खोडाला टेकली.

"किती मागं सरशील वं माय?" सुभद्रा म्हणाली आणि तिनं वाकून आईचे दोन्ही पाय धरले.

गिरजानं मागे वळून पाहिलं. मग खाली लेकीकडे पाहिलं.

"आता झाडच आलं ना माय," ती म्हणाली आणि तिनं पदराखालून हात काढून सुभद्रेच्या डोक्यावर ठेवला.